पाठीमागची तारीख

सोयराबाईंना पहिली शिसारी आली ती समोशांची. कोरमंगलातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भिंतीभर पोरांची दुखणी टांगलेली, आणि खाली पाहुणे समोसे चावत फिरतायत. एका गळपट्टेवाल्याने तर तेलकट बोट सरळ चित्रावर टेकवलं आणि म्हणाला, "वॉव, सो डीप!" डीप म्हणे! मेल्या, आधी हात तरी पूस. पण समोसे काय, ते नुसतं निमित्त. खरी किळस त्यांना स्वतःच्याच उजव्या हाताची येत होती, आणि तो काही कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नव्हता.

सोयराबाई बनशंकरीच्या. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी बस पकडून ह्या संस्थेत फुकट राबायला यायच्या. संस्था काढली होती पुण्याहून आलेल्या मुग्धानं, चांगली आयटीतली नोकरी सोडून. मनानं खचलेली, घुसमटलेली पोरं इथं यायची आणि रंगवत बसायची. कुणी शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. नियम एकच. चित्र झालं की कागद उलटा करून मागं पेन्सिलीनं तारीख घालायची. त्या तारखांच्या क्रमानं चित्रं लावून समुपदेशक बाई पोराचं काय चाललंय ते ओळखायच्या. तारखा घालायचं काम सोयराबाईंचं, म्हणजे सगळ्यांच्या अक्कांचं, कारण अक्कांचं अक्षर वळणदार.

जूनमध्ये भव्या आली. सोळा वर्षांची, बनशंकरीचीच, अगदी हसतमुख. पहिल्याच दिवशी तिनं पिवळीधमक सूर्यफुलं काढली. मग सात महिने फुलं, फुलपाखरं, डोंगरामागचा सूर्य. कशी आहेस विचारलं की उत्तर ठरलेलं, "फर्स्ट क्लास, अक्का!" सोयराबाईंना ते हसू बघवायचं नाही. इतकं गुणाचं पोर त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटायची.

जानेवारीतल्या एका शनिवारी भव्यानं पिवळ्या रंगाला हातच लावला नाही. सगळा कागद राखाडी. आतून कडी घातलेलं दार, आणि दाराशी गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेली मुलगी. रंग वाळायच्या आत ती रडायला लागली.

"अक्का, मला रोज असंच वाटतं. फुलं काढायची तेव्हासुद्धा असंच वाटायचं."

मागं तारीख घालताना सोयराबाईंनी पेन्सिल जरा जास्तच दाबली, पण त्यांना बरंही वाटलं. पोरगी एकदाची खरं बोलली होती.

समुपदेशक बाई म्हणाल्या, हिला डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं, उशीर नको, पण आईची सही लागेल. सोयराबाईंनी फॉर्म भरून भव्याकडे दिला. भव्याची आई कमला ब्लाउज शिवायची, शनिवारी तिला मान वर करायला सवड नसायची. दोनदा फोन केला तर दोन्ही वेळा म्हणाली, "माझी मुलगी दिवसभर हसत असते हो. तिला काय धाड भरलीय?"

"मी सांगितलं की तिला पटतच नाही," भव्या म्हणाली. "तुम्ही प्रदर्शनात माझं दाराचं चित्र लावा, अक्का. नाव नको. मी तिला घेऊन येते. बघितलं की कळेल तिला, मग करेल सही."

"सरी, बरं गं बाळा, लावते," सोयराबाई म्हणाल्या होत्या.

आणि परवा, गुरुवारी, मुग्धा दोन चित्रं घेऊन आली.

"अक्का, स्वल्प प्रॉब्लेम आहे. आपल्याला प्रत्येक मुलाची जर्नी दाखवायचीय ना, आधी आणि नंतर. सगळ्यांची मस्त जमलीत. भव्याचं नेमकं उलटं आहे. आधी ब्राइट, नंतर डार्क! कंपनीचे लोक म्हणतील, तुमच्याकडे येऊन मुलगी बिघडली. मागच्या तारखा खोडा ना जरा. आणि पाट्या अशा लिहा, दाराखाली 'पहिला दिवस' आणि सूर्यफुलांखाली 'आज'."

"अगं, काहीतरीच काय! तिची आई येणार आहे बघायला."

"आजवर आल्यात का एकदा तरी? आणि अक्का, हा हॉल कंपनीनं दिलाय. तो गेला तर बाकीच्या चाळीस मुलांना कुठं बसवू? सांगा तुम्हीच."

खरं तर तिथंच मुग्धाला फैलावर घ्यायला हवं होतं. कॉपी करू नका म्हणून तीस वर्षं पोरांचे कान पिळलेली ही बाई! पण चाळीस पोरं डोळ्यांपुढं आली, आणि कमला काही येत नाही अशी स्वतःची समजूत घालून सोयराबाईंनी खोडरबर उचलला. पाट्याही लिहिल्या, अगदी वळणदार.

आणि आता दारातून कमला आत येत होती. दुकान बंद करून, इस्त्रीची साडी नेसून. भव्यानं तिचा हात घट्ट धरला होता.

सोयराबाई गर्दीतून पुढं घुसल्या, तोवर मायलेकी चित्रांपाशी पोचल्या होत्या. कमला राखाडी दारापुढं उभी राहिली. बराच वेळ. तिचा चेहरा पडला, हात तोंडाशी गेला. भव्या आईकडे बघत होती. मग कमलानं खालची पाटी वाचली, शेजारची सूर्यफुलं पाहिली, त्यांची पाटी वाचली, आणि हुश्श केलं.

"अगंबाई, मी केवढी घाबरले! पहिल्या दिवसाचं आहे होय ते! आणि आता बघ, कशी छान फुलं काढतेस. बरी झालीस की! उगाच डॉक्टर कशाला?"

भव्यानं पाट्यांकडे पाहिलं. मग सोयराबाईंकडे. अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"कमलाबाई, थांबा," सोयराबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "पाट्या खोट्या आहेत. मीच लिहिल्यात. फुलं आधीची, दार नंतरचं. हे बघा." त्यांनी दाराचं चित्र चिमट्यातून ओढून काढलं आणि उलटं केलं. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा वळ अजून दिसत होता. "जानेवारी आहे इथं, नीट बघा. तुमच्या पोरीला आत्ता त्रास होतोय."

कमला गोंधळली. "काय गं भव्या, अक्का काय म्हणतायत?"

सगळे पाहुणे समोसे चावायचे थांबले. आणि मग भव्याच्या चेहऱ्यावर ते जूनमधलं हसू आलं, जसंच्या तसं.

"पाटी बरोबर आहे, आई. अक्कांना इतक्या मुलांच्या तारखा लक्षात राहत नाहीत. मी फर्स्ट क्लास आहे."

"भव्या, असं करू नकोस गं," सोयराबाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. मला काय हवं ते बोल, पण आईला खरं सांग."

"खरंच सांगतेय, अक्का," भव्या म्हणाली. तिनं पिशवीतून सहीचा फॉर्म काढला, घडी नीट केली आणि त्यांच्या हातात ठेवला. "हा आता लागणार नाही."

मायलेकी जिन्याकडे वळल्या. कमला तिला कौतुकानं काहीतरी विचारत होती, आणि भव्या मान डोलावत होती.

मागून मुग्धा फोन उंचावून धावत आली. "अहो, थांबवा ना त्यांना! सूर्यफुलांपाशी आईबरोबर एक फोटो घेऊ. अक्का, तुम्हीपण उभ्या राहा."

"हो बाजूला!" सोयराबाई ओरडल्या, आणि फॉर्म मुठीत धरून जिन्याकडे धावल्या.

खाली पोचल्या तेव्हा रिक्षा निघाली होती. भव्यानं मागं वळून पाहिलं आणि हसून हात हलवला.