पकड कुठून सुरू होते
ओबोनची, पितरांच्या सणाची, सुट्टी संपून प्रयोगशाळा उघडली, त्याच सकाळी एइझोला कळलं की चिझुरूची माती गेली.

दमट कपाटाचं दार उघडलं की तोंडावर ओल यायची. ती आली नाही. कोरडी, कोमट हवा आली. तबकडीवरची राखाडी माती पापडासारखी तडकली होती. समुद्रतळाखालच्या मोठ्या भेगेतून जहाजाने वर काढलेली, साबणाच्या वडीएवढी माती. त्याच्या बायकोने, चिझुरूने, शेवटपर्यंत जपलेली.

काय झालं ते लगेच समजलं. दर उन्हाळ्यात या सुट्टीत तपासणीसाठी इमारतीची वीज बंद करतात. वीज परतली की कपाटाची ऊब आपोआप सुरू होते, पाण्याचा पंप मात्र हाताने सुरू करावा लागतो. दरवर्षी एइझो मुद्दाम येऊन तो सुरू करायचा. यंदा आला नाही. चिझुरू गेल्यानंतरचा हा पहिलाच ओबोन. गेलेलं माणूस पहिल्या ओबोनला पांढऱ्या कंदिलाच्या उजेडात घर शोधत येतं. अशा वेळी घराला कुलूप लावून कोण जाईल? तो घरात बसून राहिला, तिच्या तसबिरीपुढे वांगी भाजून ठेवली, आणि इकडे तिची माती वाळत गेली.

"मला एक फोन करायचा होतात," मुकाइ बाई म्हणाल्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, चिझुरूच्या मैत्रीण, तोंडाने फटकळ. "बटण दाबायला मी आले नसते? का माझ्या हाताला तेवढीही अक्कल नाही?"

"सुचलं नाही, बाई."

"कसं सुचणार म्हणा." त्यांचा आवाज उतरला.

"पाणी शिंपडलं तर?"

"फुगेल. पण ज्या चकचकीत थरांवरून भेग घसरली, ते मोडले. ते पुन्हा जुळायचे नाहीत."

एइझोने चिमट्याने एकेक खपली बाजूला केली. मधोमध सुपारीएवढा गोळा अजून ओला होता. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले. एका चाचणीपुरता होता. दोन चाचण्यांपुरता नव्हता.

आणि चिझुरूला दोन हव्या होत्या. भेगेच्या वरच्या, गार भागात मऊ चिकणमाती असते. ती पाणी पोटात धरून ठेवते आणि तिच्यावरून खडक घसरतात. खाली उष्णता वाढते, तशी तीच माती बदलते. पोटातलं पाणी सोडते, वेगळीच, घट्ट होते. तिथे भेगेला पकड येते. आणि पकड आली की ताण साठतो, मग एक दिवस सुटतो. ती पकड नेमकी किती खोलीवर सुरू होते, हे चिझुरूला शोधायचं होतं. तिचं माहेर बंदरावरचं. खालून सुटलेला धक्का वरच्या मऊ मातीत थांबणार, की तिच्यातून थेट समुद्रतळापर्यंत येऊन पाणी उचलणार, हा तिच्यासाठी नुसता अभ्यासाचा प्रश्न नव्हता. त्यासाठी अर्धी माती आहे तशी दाबून सरकवून पाहायची होती, आणि अर्धी महिनोन्‌महिने दाबाखाली शिजवून, बदलली की मग.

"शिजवूया," मुकाइ बाई म्हणाल्या. "मऊ मातीची मापं इतरांनी घेतली आहेत."

"दुसऱ्या मातीची."

"जवळपास सारखीच."

"जवळपास म्हणजे तिची नव्हे." एइझोने चिमटा खाली ठेवला. "बाई, मऊची घट्ट होते. घट्टची परत मऊ होते का?"

"नाही."

"मग आधी मऊ."

"आणि दाबल्यावर तिच्यात दगडाचा चुरा मिसळेल. मग शिजवायला काही उरणार नाही. हे ठाऊक आहे ना?"

"आहे."

बाईंनी तबकडी त्याच्यापुढे सरकवली. "चिझुरू म्हणायची ते खरं. हा माणूस मितभाषी नाही, नुसता हट्टी आहे. करा."

बारीक तारेने त्याने गोळ्याची चकती कापली. दोन दगडांच्या मधे चकती ठेवली, वरून तांब्याचं वेष्टन चढवलं आणि सगळं, तो वर्षानुवर्षं चालवत आलेल्या, दगड दाबून सरकवणाऱ्या यंत्राच्या पोटात उतरवलं. बाहेरून तेलाचा दाब, आत समुद्राच्या पाण्याचा. वेष्टनाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी तेल-पाणी एक होऊन सगळं संपणार होतं. चिझुरू या यंत्राला टोमणे मारायची. "तुमचं हे दगड खाऊन माजलंय, मऊ भात त्याला पचायचा नाही."

दाब चढला. दगडांची एकमेकांवरून सरक सुरू झाली. आणि पाण्याच्या दाबाचा काटा खाली आला.

"गळतंय!" मुकाइ बाई ओरडल्या. "थांबवा, अजून माती वाचेल!"

एइझोचा हात बटणावर गेला. तेलाचा काटा मात्र जागेवर होता. वेष्टन फाटलं असतं तर तोही हलला असता. की हलायला वेळ लागतो? अशी माती त्याने कधी दाबलीच नव्हती.

"एइझो-सान! बहिरे झालात का?"

"माती पाणी पीत असेल."

"आणि नसेल तर?"

त्याने बटण दाबलं नाही. सरक मात्र मंद केली, आणखी मंद. काटा उतरतच होता. बाईंनी त्याची बाही घट्ट धरली होती. ती सोडवून घ्यावी असं त्याच्या मनात आलं नाही.

मग काटा थबकला. आणि हळूहळू वर चढू लागला.

"प्यायली मेली," बाई पुटपुटल्या आणि खुर्चीत बसल्या.

संध्याकाळपर्यंत पकड दाखवणारी रेघ पडद्यावर पुढे सरकत राहिली, जवळजवळ सपाट. मातीची पकड कोरड्या दगडाच्या चौथाईसुद्धा नव्हती. खालून धक्का आला, तर ही माती त्याला अडवणार नाही. चिझुरूने हेच लिहून ठेवलं होतं, शेवटी प्रश्नचिन्ह घालून.

"बरोबर होती," बाई म्हणाल्या. डोळे पुसत त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. "वरच्या भागापुरती."

"हो. वरच्या भागापुरती."

एइझोने दाब उतरवला, वेष्टन कापलं. दोन दगडांच्या मधे काळपट लेप उरला होता, चुऱ्याने खरखरीत झालेला. तो त्याने खरवडून बाटलीत भरला, चिठ्ठी लावली. त्यावर आता काही करता येणार नव्हतं.

नव्या मातीसाठी त्या भेगेत जहाज पुन्हा कधी छिद्र पाडेल, ते ठरलेलं नाही. पकड कुठून सुरू होते, ते शोधायचं राहिलं आहे.