डुअक की बि

इंग्रजी ही एक नंबरची कंजूष भाषा आहे, हे न्यानचं मत कायमचं पक्कं झालं ते शेवंतीला पाणी घालताना.

सकाळची वेळ होती. होडीच्या पुढच्या टोकाला लाय उभी, मागच्या टोकाला न्यान. दोन्ही बाजूंना बांबूच्या माचांवर कुंड्यांच्या रांगा, आणि मधल्या पाण्यातून होडी सरकत होती. तेत, म्हणजे नवं वर्ष, जवळ आलं होतं, त्यामुळे सादेक गावात कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. लायला मात्र भलताच नाद लागला होता. डबड्यानं पाणी घालता घालता ती प्रत्येक कुंडीला इंग्रजीत काहीतरी सांगत होती.

"आय वॉज रेझ्ड बाय माय स्टेपमदर," ती एका कुंडीला म्हणाली. मग दुसरीला. मग तिसरीला जरा जोर देऊन.

"अगं, शेवंतीला काय कळतंय त्यातलं?" न्यान म्हणाली. "पाणी घाल नीट. अर्धं नदीतच चाललंय."

"भाषणाचा सराव करतेय मावशी. काओ लान्ह शहरात इंग्रजी भाषणांची स्पर्धा आहे ना."

"ते ठाऊक आहे. ते स्टेप-स्टेप काय म्हणतेस सारखं?"

"स्टेपमदर. म्हणजे तू."

न्यानच्या हातातलं वल्हं थांबलं. "मी? माझं काय काम त्या भाषणात?"

लाय हसली. मग डबडं बाजूला ठेवून तिनं मास्तरांच्या थाटात समजावायला घेतलं. आय म्हणजे मी. रेझ्ड म्हणजे वाढवणं. बाय म्हणजे कुणाकडून ते.

"हे बघ, उंदीर शेवंती कुरतडतो. इथे उंदीर पुढे. करणारा पुढे असला की तो कर्तरी प्रयोग. आता शेवंती पुढे घे. शेवंती उंदराकडून कुरतडली जाते. ज्याच्यावर बेतलं तो पुढे, करणारा मागे. हा कर्मणी. माझं वाक्य कर्मणीतलं आहे. मी पुढे, तू मागे."

"होडीतही तसंच आहे," न्यान म्हणाली. "वल्हवते मीच."

पण तिच्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. "आणि ते वॉज? ते डुअक की बि?"

आता सादेककडच्या भाषेत हे दोन शब्द म्हणजे माणसाचा श्वास आहेत. एखाद्यावर काही घडलं की नुसतं घडलं म्हणून भागत नाही. बरं घडलं तर डुअक म्हणायचं, वाईट घडलं तर बि. मास्तरांनी शाबासकी दिली तर डुअक, छडी दिली तर बि. बोलावणं आलं तर डुअक, हाकललं तर बि. काय ते आधी मनाशी ठरवायचं आणि मगच तोंड उघडायचं.

"दोन्ही नाही," लाय म्हणाली. "नुसतं वॉज."

"असं कसं? शाबासकी मिळाली तर?"

"वॉज."

"आणि चोरानं होडी पळवली तर?"

"तरी वॉजच."

"शी! काय दळभद्री भाषा आहे! एवढी मोठी साहेबांची भाषा, आणि बरं की वाईट ते सांगायला साधा एक शब्द सुटत नाही त्यांच्या हातून?"

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतून साउताईची होडी आली. साउताई मळ्यामळ्यातून बर्फ घातलेली कॉफी आणि शेवया विकायची, आणि त्याबरोबर गावभरच्या बातम्या फुकट. तिनं शेवटचं सगळं ऐकलं होतं. अर्थात ऐकलं होतं, माचांच्या आड होडी थांबवून.

"त्यात विचारायचं काय एवढं, न्यान?" ती म्हणाली. "सावत्र आईनं वाढवलं म्हणजे 'बि'च की! त्याला आणि दुसरा शब्द लागतोय कशाला?"

आणि आपल्याच विनोदावर ती अशी हसली की कॉफीचे ग्लास किणकिणले.

"तुझ्या सासूनं तुला पोसलं त्याला काय म्हणायचं ते आधी ठरव," न्यान म्हणाली. साउताई आणखीच हसत पुढे गेली. लायही हसली. पण ती नुसतीच हसली, काही बोलली नाही, आणि पुन्हा डबडं उचलून पाणी घालायला लागली.

ते न बोलणं न्यानला लागलं.

तोआनशी तिचं लग्न झालं तेव्हा लाय चार वर्षांची होती. पोरीची आई बाळंतपणातच गेलेली. पहिल्याच दिवशी न्यानला घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात त्या बाईचा फोटो दिसला, धुरकटलेला. तिनं तो उतरवला, पुसला आणि होता तिथेच परत ठेवला. मग लायला पुढे घेऊन म्हणाली, "ही तुझी आई. मला मावशी म्हण." तेव्हापासून मावशीच. पुढे तीन वर्षांत तोआन तापाचं निमित्त होऊन गेला, आणि त्याच्या बहिणी पोरीला न्यायला आल्या. तुझी ना रक्ताची ना नात्याची, तरुण आहेस, दुसरं घर बघ, असं म्हणाल्या. न्याननं त्यांना चहा दिला आणि निरोप दिला. पोर दिली नाही.

यात आपण काही मोठं केलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण आता रांगेच्या शेवटी होडी वळवताना तिला भलतंच आठवायला लागलं. दर तेतच्या आधी कळ्या खुडायला माणूस कमी पडायचं, की लायची शाळा बुडायची. पोर रडायची, तरी बुडायची. एकदा कुंड्या घेऊन बाजारात पाठवलेली लाय मैत्रिणींबरोबर जत्रेत रमली आणि ऊन लागून सगळी फुलं मान टाकून बसली, तेव्हा न्याननं बांबूची काठी घेतली होती. तिच्या मैत्रिणींच्या हातांना क्रीमचे वास यायचे, आणि लायच्या बोटांना खताच्या पाण्यानं भेगा पडल्या होत्या. ही पोर आपल्या वाट्याला काय आलं म्हणत असेल? डुअक की बि?

सरळ विचारावं, तर न्यानचा स्वभाव तसा नव्हता. भावताव करताना बाजाराला पुरून उरणारी ही बाई या एका प्रश्नापुढे मूग गिळून बसली. आणि इंग्रजीच्या नावानं मात्र दिवसभर बोटं मोडत राहिली.

दोन दिवसांनी लाय शाळेतून आली ती तोंड पाडून. खिएम सरांनी भाषण तपासलं होतं.

"सर म्हणतात, बाय माय स्टेपमदर काढून टाक. नुसतं आय वॉज रेझ्ड इन सादेक म्हण."

"का?"

"सावत्र आई म्हटलं की परीक्षकांना वाटेल, पोर रडगाणं गातेय. आणि कर्मणीत करणारा गाळला तरी वाक्य पूर्ण होतं. व्याकरणात चालतं."

न्यान भात वाढत होती. तिनं पळी भांड्यात ठेवली. तिचा आवाज अगदी बाजारातल्यासारखा खणखणीत निघाला.

"मग काढ की. सर शिकलेले आहेत. मला ठेवून तुझे मार्क जाणार असतील तर मला काय त्या वाक्यात मांडी घालून बसायचंय?"

"तुला चालेल?"

"व्याकरणाला चालतं म्हणतेस, मग मला न चालून सांगतेय कुणाला? जेव. मासा गार होतोय."

लायनं ताट पुढे ओढून घेतलं. त्यानंतर ती शेवंतीसमोर बोलायची बंद झाली. सराव करायला घरामागे जायची. त्यामुळे वाक्यात आपण आहोत की गळलो, हे न्यानला कळायला काही मार्ग उरला नाही.

स्पर्धेच्या दिवशी मुलं शाळेच्या गाडीनं गेली. न्यान गेली साउताईच्या स्कूटरवर मागे बसून, लग्नासमारंभाला घालायचा लांब जांभळा अंगरखा, आओ झाय, चढवून. एरवी मळा सोडून एक तास न देणारी बाई तेत तोंडावर असताना अख्खा दिवस मोडून निघाली, यावर साउताईनं वाटेत बरीच टोमणेबाजी केली. न्याननं एकाही टोमण्याला उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र साउताईला काळजी वाटली.

"बरं नाही का गं?"

"पुढे बघ. ट्रक येतोय."

सभागृह आईबापांनी गच्च भरलं होतं. एकेक मुलगा यायचा, इंग्रजीत घडाघडा बोलायचा, आणि आईबाप न कळताच टाळ्या पिटायचे. परीक्षक तीन होते. मधल्या, चष्मेवाल्या बाई विद्यापीठातून आल्या होत्या आणि त्यांची एक खोड होती. भाषण संपलं की त्यातलं एक वाक्य निवडून त्या म्हणायच्या, "हे आता आपल्या भाषेत सांग, सगळ्यांना कळेल असं." पाठांतर करून आलेली पोरं तिथे बरोबर सापडायची. एक उंच मुलगा पृथ्वीच्या तापमानावर पाच मिनिटं तोफेसारखा बोलला आणि आपल्याच वाक्याचा अर्थ सांगताना घामाघूम झाला.

मग लाय आली. पांढरा आओ झाय, केस घट्ट बांधलेले, भेगाळलेले हात मागे घेतलेले. न्याननं कान टवकारले. इंग्रजीतलं एक अक्षर तिला कळत नव्हतं. पण कुंडीकुंडीला सांगितलेलं ते एक वाक्य आवाजासकट तिला तोंडपाठ होतं. ते येईल की अर्धं येईल, एवढंच ती ऐकत होती.

"आय वॉज रेझ्ड," लाय म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली. न्यानचाही श्वास थांबला.

"बाय माय स्टेपमदर."

इतकं ठणठणीत, की खालच्या ओळीत बसलेल्या खिएम सरांनी दचकून वर पाहिलं. न्याननं साउताईचा दंड एवढ्या जोरात धरला की साउताई कळवळली.

"काय झालं?"

"आहे. मी आहे त्यात."

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. चष्मेवाल्या बाईंनी पेन्सिल उचलली, आणि त्यांनी नेमकं तेच वाक्य निवडावं! "तू म्हणालीस, आय वॉज रेझ्ड बाय माय स्टेपमदर. आता आपल्या भाषेत."

सभागृहातल्या माना पुढे झुकल्या. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की आता या पोरीला दोहोंतला एक शब्द घ्यावाच लागणार. इंग्रजीच्या आड लपायची सोय संपली होती. सावत्र आईनं वाढवलेली पोर, तीही भर सभेत. एका बाईनं तर आधीच डोळ्यांना रुमाल लावला. न्याननं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांपुढे बांबूची काठी आली, बुडालेली शाळा आली, आणि उठून बाहेर जावं असं तिला वाटायला लागलं. पण आता तिचा दंड साउताईनं धरलेला होता.

लायनं जराही वेळ घेतला नाही.

"मला डुअक," ती म्हणाली. "मावशीच्या हातून वाढायला मिळालं मला."

बाईंनी चष्मा वर केला. "इंग्रजी वाक्यात डुअक कुठे आहे? तिथे नुसतं वॉज आहे. हे तू पदरचं घातलंस का?"

"पदरचं नाही मॅडम," लाय म्हणाली. "ते होतंच. इंग्रजीत दिसत नव्हतं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतःच टाळी वाजवायला सुरुवात केली. मग जी टाळ्यांची सर उठली ती थांबेना. साउताई बाकावर उभी राहून ओरडत होती, "आमच्या सादेकची आहे! आमची आहे ती!" जणू पोर तिनंच वाढवली होती. न्यानचा ऊर असा भरून आला की टाळी वाजवायला तिचे हात उचलेनात. आयुष्यात तिच्या शेवंतीला पुष्कळांनी नावाजलं होतं. हे असं कधी वाटलं नव्हतं.

लायचा दुसरा नंबर आला. पहिला त्या पृथ्वीवाल्याला मिळाला. परीक्षक तीन होते आणि बाई एकट्याच पडल्या, दुसरं काय! साउताईनं या निकालावर तिथल्या तिथे जे मत दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाहेर स्कूटरपाशी आईबापांचा घोळका उभा होता. न्यान येताना दिसताच त्यांनी वाट करून दिली. सभेत डोळ्यांना रुमाल लावलेली ती बाई पुढे आली आणि चाचरत म्हणाली, "तुम्हीच का हो ताई त्या मुलीच्या... म्हणजे..."

"स्टेपमदर," न्यान म्हणाली. छाती पुढे काढून, एकेक अक्षर लखलखीत उच्चारून. "मीच ती."

लाय मागून धावत आली आणि तिच्या हाताला बिलगली. गळ्यातलं पदक काढून तिनं ते मावशीच्या हातात कोंबलं.

"नशीबवान हो तुमची पोर," ती बाई म्हणाली. "खरंच डुअक म्हणायचं तिला. सख्खीनं केलं नसतं असं वाढवलंत."

न्याननं लायकडे पाहिलं. त्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहिलं. मग बाईकडे वळून ती जवळजवळ रागावूनच म्हणाली,

"तिचं काय घेऊन बसलात? डुअक मला. मला ही पोर वाढवायला मिळाली."