गांधीलमाश्यांची शिकवणी

सासूबाईंना सुनेचं सगळं पटायचं, फक्त तिच्या माश्या सोडून. सुनेने घराच्या मागच्या खोलीत गांधीलमाश्या पाळल्या होत्या. नाव गांधीलमाशी असलं तरी आकार मुंगीएवढा, आणि माणसाला डंख मारायची त्यांची ऐपतच नाही. त्या अळीच्या अंगात अंडी घालतात आणि अंड्यातून निघालेली पिल्लं अळीला आतून खाऊन संपवतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "छान संस्कार आहेत हो!"

पण यंदा सासूबाईंच्या पॉलीहाऊसात टोमॅटोवर अळीने उच्छाद मांडला, म्हणून त्यांनी सुनेला एक संधी दिली. एकच.

"सकाळी सोड तुझ्या माश्या. दुपारपर्यंत त्या कामाला लागलेल्या दिसल्या तर ठीक, नाहीतर फवारणी. माणूस सांगून ठेवलाय मी."

फवारणी झाली की अळ्यांबरोबर माश्याही खलास, आणि पानांवर औषध असेपर्यंत नव्या सोडायची सोय नाही. मागच्या खोलीला कुलूपच लागणार. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती, आणि सासूबाईंसमोर हसं झालं असतं ते वेगळंच.

फवारणीवाला सकाळीच हजर झाला. पाठीवरचा पंप उतरवून तो दाराशी स्टुलावर ऐसपैस बसला. सुनेने पहिली पेटी उघडली. माश्या उडाल्या, एक गिरकी घेतली, टोमॅटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि सगळ्या येऊन बसल्या सुनेच्या एप्रनवर! बाह्यांवर, खिशांवर. आणि तिथे मिशा आपटत मोठ्या निष्ठेने शोध सुरू.

"वहिनी, अळ्या खिशात ठेवल्यात काय?" फवारणीवाल्याने विचारलं.

सासूबाई खांबाला धरून हसल्या. "अगं, या तर तुझ्याच प्रेमात पडल्यात!"

सूनही हसली, पण रडकुंडीला येऊन. तिने रागारागाने एप्रन काढला आणि नाकाजवळून जाताना त्याचा वास आला. घेवड्याचा लगदा! माश्यांसाठी खोलीत वाढवलेल्या अळ्यांना ती रोज तोच वाटून घालायची आणि निम्मा अंगावर सांडायची. माश्यांना आजवर जी अळी भेटली ती त्याच लगद्यात. जिथे हा वास तिथे अळी, एवढंच त्यांना ठाऊक. टोमॅटो त्यांनी जन्मात हुंगला नव्हता.

"चूक माश्यांची नाही, आई. मीच त्यांना भलता पत्ता शिकवलाय."

"मग आता?"

"अजून एक पेटी आहे. तिला शिकवणी लावायची. अळीने कुरतडलेली टोमॅटोची पानं आणि त्यावरची अळीची ताजी विष्ठा हवी. त्यावर मिशा टेकवून एकदा अळी सापडली, की तो वास त्यांच्या डोक्यात पक्का बसतो."

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेच्या उतरलेल्या तोंडाकडे. "म्हणजे या वयात मी अळ्यांच्या लेंड्या वेचायच्या?"

"तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे."

लोणी लावलेलं सासूबाईंना कळलं, पण आवडलंही. चष्मा वर चढवून त्या वाकल्या. बसून बसून कंटाळलेला फवारणीवालाही उठला. "आपल्याच हाताने आपल्या पोटावर पाय आणतोय मी," असं पुटपुटत तोही वेचू लागला.

मागच्या खोलीत सुनेने ती पानं, विष्ठा आणि दोनचार अळ्या पेटीत ठेवल्या. माश्या आधी बिचकल्या, मग एकेक जण मिशा टेकवत पानभर फिरू लागली. सासूबाई पेटीला नाक लावून बसल्या.

"काय मन लावून शिकतायत! तुझा नवरा कधी एवढा शिकला नाही."

सुनेने एप्रन लांब टाकला, हात कोपरापर्यंत खसखसून धुतले आणि पॉलीहाऊसात दुसरी पेटी उघडली. माश्या वर उठल्या. एक थेट तिच्या तोंडासमोर येऊन घुटमळली. सुनेने श्वास रोखला. माशी वळली, रोपांच्या रांगेत शिरली, एका पानावर उतरली आणि मिशा टेकवत त्याच्या दुमडलेल्या कडेशी गेली.

"तिथे काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते पान मी आत्ताच बघितलंय."

माशी दुमडीत शिरली आणि तिने पोट वाकवून झटकन खाली टेकवलं. ती उडून गेल्यावर सासूबाईंनी नखाने कड उलगडली. आत दोऱ्याएवढी अळी होती, जेमतेम जन्मलेली. त्यांनी मान वर केली. पुढच्या रोपावर आणखी एक माशी चालत होती, त्यापलीकडच्या रोपावर दोघी. सुनेचे डोळे भरून आले.

"मग काकू, पंप भरायला घेऊ का?" फवारणीवाल्याने दारातून खणखणीत आवाजात विचारलं.

सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला जरा. आमच्या पोरी कामावर आहेत."