हाज सत्तामांच्या अंगणात कललेली क्रेन

गुरुवारी दुपारी, अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज आटोपून माणसं मशिदीबाहेर पडत असताना, जॉर्डनमधल्या मादबा गावात हाज सत्ताम यांच्या अंगणात माझे उजव्या बाजूचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. माझ्या आकड्याला पाण्याची लोखंडी टाकी लटकत होती. ती गच्चीच्या कठड्यावर आपटली, पट्ट्यातून निसटली आणि खाली आली. खाली हमदान उभा होता.

मित्रांनो, घडलं ते एवढंच. त्यानंतर जे बोललं गेलं ते खोटं आहे. ते मला कोणाकडून कळलेलं नाही. माझा हात कठड्यावर अडकला होता, मी तीन दिवस त्याच अंगणात तिरकी उभी होते, आणि सगळी बोलणी माझ्यासमोरच झाली. यंत्रासमोर बोलताना कोणी आवाज खाली करत नाही.

मी जुनी क्रेन आहे, चाकांवर चालणारी आणि वजन उचलताना चार लोखंडी पाय जमिनीवर टेकवून उभी राहणारी. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली गेली: हात जवळ असेल तर जास्त उचल, हात लांब पसरलास तर कमी उचल. तुम्हीही करून पाहा. पाण्याने भरलेली बादली छातीशी धरा, मग तीच हात लांब करून धरा. खांदा लगेच ओरडेल. माझा खांदा ओरडावा म्हणून कारखान्यातल्या माणसांनी मला एक भोंगा दिला. वजन झेपेनासं झालं की तो वाजायचा, आणि तरीही कोणी ऐकलं नाही तर माझा हात आपोआप थांबायचा.

जहाजातून मी अकाबा बंदरात उतरले. काही वर्षं रस्ते बांधणाऱ्यांकडे काढली. मग मला फवाझने विकत घेतलं. गावात त्याला अबू मिश्अल, म्हणजे मिश्अलचा बाप, म्हणतात. त्याने मला मादब्याला आणलं त्या दिवशी माझ्या चाकांपुढे बकरा कापला आणि रक्ताचा पंजा माझ्या दारावर उमटवला. शेजारणींनी आनंदाने जिभा घोळवून असा कल्लोळ केला की मला वाटलं, आता इथेच म्हातारं व्हायचं.

कामं छोटी असत, पण मानाची असत. घराच्या दगडांचे ढीग, सौर पॅनेलं, शाळेची घंटा. एकदा खाली दरीत गेलेली मेंढ्यांची लॉरी मी वर ओढली, तेव्हा मेंढपाळाने माझ्या चाकाचं चुंबन घेतलं होतं. माझा चालक जिर्यस, गावातल्या ख्रिस्ती वस्तीतला, बोलायला कमी पण हाताचा हलका. दांडा असा सरकवायचा की वर नेलेल्या काचेलासुद्धा कळू नये. आणि पट्टे बांधायला हमदान. तो इजिप्तमधल्या मिन्याचा. रोज सकाळी माझ्या सांध्यांना ग्रीस भरताना विचारायचा, "काय बाईसाहेब, आज कंबर कशी आहे?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायचा, "दुखते म्हणते. माझीही दुखते. पण मला ग्रीस कोण लावणार?"

ग्रीस मिळायचं, कारण ते हमदानच्या हातात होतं. जे अबू मिश्अलच्या हातात होतं, ते मिळायचं नाही. तेलाची एक नळी गळू लागली. तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. तेल कमी झालं की वरून भरलं. पुढचा टायर एवढा झिजला की आतल्या तारा दिसत. तो मागे टाकला आणि मागचा पुढे. वस्फी मेस्त्री दर वेळी डोकं हलवायचा, "अबू मिश्अल, हे औषध नाही, ही मलमपट्टी आहे." तो म्हणायचा, "मलमपट्टीवर माझा बाप नव्वद वर्षं जगला."

मग माझ्या हाताची लांबी मोजणारी केबल तुटली. तेव्हापासून हात किती लांब आहे हेच मला कळेनासं झालं, आणि भोंगा भलत्या वेळी वाजू लागला. रिकामा आकडा वर नेला तरी वाजायचा. गिऱ्हाइकं हसायची. "तुझी म्हातारी रडतेय का रे?" नवी केबल बाहेरून मागवावी लागते, त्याला वेळ लागतो. पण माझ्या केबिनमध्ये, चालकाच्या डोक्याच्या वर, एक किल्ली आहे. दुरुस्तीच्या वेळी भोंगा बंद ठेवता यावा म्हणून ती दिलेली असते. अबू मिश्अलने ती फिरवली आणि परत फिरू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली. जिर्यस म्हणाला, "केबल येईपर्यंतच ना?" "येईपर्यंतच," मालक म्हणाला. केबल मागवलीच नव्हती.

मला राग कशाचा येतो सांगू? त्याच आठवड्यात त्याने रंगारी बोलावून माझ्या हातावर मोठ्या सुबक अक्षरांत 'माशाअल्लाह' लिहून घेतलं आणि पुढच्या काचेवर निळा डोळा टांगला. लोकांची दृष्ट लागू नये म्हणून! माझे स्वतःचे डोळे फोडून ठेवले होते, त्याचं कोणाला काही नव्हतं.

आता त्या गुरुवारकडे येते.

हाज सत्तामांच्या मुलाचं लग्न शुक्रवारी होतं. मुलासाठी वर नवा मजला चढवला होता आणि अंगणातली मोठी टाकी त्या मजल्याच्या गच्चीवर, पार मागच्या कोपऱ्यात न्यायची होती. मागच्या गल्लीत विजेच्या तारा, त्यामुळे मला पुढे अंगणातच उभं राहून हात घरावरून पलीकडे पसरावा लागणार होता. रिकामी टाकी तेवढ्या लांब मी कशीबशी नेली असती. रिकामी.

हमदानने टाकीवर पट्टे चढवले आणि बुक्की मारून पाहिली. "हाज, ही तर भरलेली आहे."

"अर्धी," हाज सत्ताम म्हणाले. "मंगळवारी पाण्याचा दिवस होता. उद्या घरात दोनशे माणसं हात धुणार आहेत. ओतून देऊ म्हणतोस?"

हे आपल्याकडच्या माणसालाच कळेल. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. त्या दिवशी बायका कपडे, फरश्या, मुलं सगळं एकदम धुतात आणि उरलेल्या दिवसांत एकेक भांडं मोजून काढतात. अंगणात पाणी ओतून द्यायचं म्हणजे भाकरी पायाखाली तुडवायची. हमदानही त्याच संस्कारातला. तो डोकं खाजवत म्हणाला, "ओतायचं कसं? पाप लागेल." जिर्यसने वरून विचारलं, "दुसऱ्या कशात काढून ठेवता येईल का?" घरातल्या बाईने खिडकीतून उत्तर दिलं, "कशात काढू? घरातल्या सगळ्या पातेल्यांत उद्याचा मटण-भात शिजायचाय!"

सगळे हसले. अबू मिश्अल सगळ्यात मोठ्याने हसला. "उचल रे जिर्यस. अर्ध्या टाकीने माझी म्हातारी मरत नाही."

"मालक, भोंगा बंद आहे. वजन किती ते मला दिसत नाही."

"मी दिसतोय ना? मी सांगतोय. उचल."

जिर्यसने उचललं. त्याचा हात त्या दिवशीही हलका होता, हे मी शपथेवर सांगेन. घरावरून अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग हात लांबला आणि टाकीतलं पाणी एका बाजूला धावलं. स्थिर वजन मी ओळखते. पाणी स्थिर नसतं, त्याने वजनाला पाय फुटतात. त्या क्षणी माझा भोंगा वाजायला हवा होता. माझा हात आपोआप थांबायला हवा होता. मला ओरडायचं होतं आणि तोंडावर चिकटपट्टी होती. उजवे पाय सुटले. जिर्यसने हात आत घ्यायचा प्रयत्न केला, पण टाकी अंगणाकडच्या कठड्यावर आदळली आणि पट्ट्यातून निसटली. हमदान खाली अंगणात टाकीला बांधलेला दोर धरून तिला सरळ ठेवत होता. त्याने दोर सोडला, पळाला, पण पुरेसा लांब नाही. त्याचा डावा पाय टाकीखाली गेला. पाणी सगळ्या अंगणात पसरलं.

त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा तो ओरडत नव्हता. तो म्हणत होता, "पट्टा बरोबर होता. जिर्यस, तू बघितलंस ना? पट्टा बरोबर होता." दोष कोणाकडे जाणार हे त्याला माझ्या आधी कळलं होतं.

शुक्रवारी लग्न झालं. का होणार नाही? मांडव माझ्या शेजारीच घातला. माझ्या कललेल्या अंगावर मुलं चढली, तरुणांनी माझ्याच समोर रांगेने दबका नाचला, आणि कोणीतरी माझ्या आकड्याला दिव्यांची माळ बांधली.

शनिवारी दुपारी त्याच मांडवात दोन्ही घराण्यांचे मोठे लोक जमले. कठडा फुटला होता, भिंतीला तडा गेला होता, आणि गावात दोन घराण्यांत कडवटपणा नको, म्हणून समेट. अबू मिश्अलच्या बाजूने शेख तराद बोलायला उठले. त्यांच्यापुढे कडू कॉफीचा पेला आला. रिवाजाप्रमाणे त्यांनी तो न पिता खाली ठेवला. मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही.

"हाज सत्ताम, आमच्या माणसाकडून तुमच्या घराला इजा झाली. आम्ही माफी मागायला आलो."

"इजा तुमच्या माणसाकडून नाही झाली," हाज मोठ्या मनाने म्हणाले. "त्या इजिप्तवाल्याने पट्टा ढिला बांधला. नशीब. कॉफी घ्या शेख. ज्यासाठी आलात ते तुम्हाला मिळालं."

सगळीकडून "देव तुमचं भलं करो" झालं. पेले उचलले गेले. मित्रांनो, एका वाक्यात! कठडा माफ, भिंत माफ, मालक माफ. त्या वाक्याचा सगळा भार ज्याच्यावर पडला तो तिथे नव्हता, आणि त्याच्या वतीने पेला खाली ठेवायला मादब्यात त्याचं ना घराणं होतं, ना शेख. चूक त्याची ठरली की उपचारही त्याचेच आणि मिन्याला परत जाणंही त्याचंच. त्याचा कामाचा परवाना अबू मिश्अलच्या नावावर आहे.

पेला सगळ्यांत शेवटी जिर्यसकडे आला. त्याने घेतला नाही. उभा राहिला.

"शेख, माफ करा. पट्टा बरोबर होता. टाकी भरलेली होती. आणि भोंगा आम्ही बंद केला होता."

अबू मिश्अल दात आवळून म्हणाला, "बस खाली, जिर्यस. समेट झालाय."

"कोणाचा कोणाशी?"

शेख तराद रागावले नाहीत. ते समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच मला जास्त झोंबलं. "बाळा, दोन घरं आज एकत्र बसली आहेत. एका परक्यासाठी आणि लोखंडाच्या तुकड्यासाठी त्यात विष कालवू नकोस. तो बरा होऊन घरी जाईल. ही भंगारात जाईल. आपल्याला मात्र इथेच राहायचंय."

"मलाही इथेच राहायचंय," जिर्यस म्हणाला. "म्हणूनच बोलतोय." आणि तो मांडवाबाहेर गेला. त्याच्यामागे कोणी गेलं नाही. कॉफीवाला पेला हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, त्या भरलेल्या पेल्याचं काय करायचं हे त्याला कळेना.

रविवारी अम्मानहून एक मोठी क्रेन आली. तरुण, पिवळी, सगळी दिव्यांची रोषणाई चालू. तिने मला अलगद सरळ केलं. मला तिचा हेवा वाटला नाही. तिच्याही केबिनमध्ये अशीच किल्ली असते.

आता मी अबू मिश्अलच्या यार्डात उभी आहे. भंगारवाला येऊन मला ठोकून गेला. मला त्याची भीती नाही. लोखंड वितळतं आणि पुन्हा काहीतरी होतं. माझा राग वेगळा आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी यंत्र चालवाल, कोणी विकत घ्याल. ते ओरडलं तर आधी का ओरडतंय ते बघा. त्याला लाज आणणारी म्हातारी समजून त्याचं तोंड बांधू नका. कारण मग ज्या दिवशी ओरडायला हवं त्या दिवशी ते गप्प राहील, आणि त्याच्याखाली कोणीतरी दोर धरून उभा असेल. त्या माणसाचं गाव कुठलं हे टाकी विचारत नसते.

आज सकाळी वस्फी मेस्त्री यार्डात आला. अबू मिश्अलशी भांडला, "केबल मागवली म्हणून मला तोंडावर खोटं सांगितलंस!" असं म्हणाला, आणि हत्यारांची पेटी उचलून निघून गेला. त्याच्याच बोलण्यातून कळलं: हमदानच्या पायावर काल दुसरी शस्त्रक्रिया झाली, पाय वाचेल की नाही हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही. त्याच्या भावाने मिन्याहून इस्पितळात फोन करून विचारलं की कागदोपत्री चूक कोणाची लिहिली आहे.

जिर्यस घडलं ते लिहून द्यायला सकाळीच यार्डासमोरच्या पोलीस ठाण्यात गेला आहे. त्याच्यामागोमाग शेख तराद यांची गाडीही तिथे गेली. दुपारची अजान झाली. दोघांपैकी कोणीही अजून बाहेर आलेलं नाही.