एकविसावा तास

शनिवारी दुपारी अनुष्का झोपल्यावर मी गजराचं घड्याळ घेतलं आणि काटा एक तास मागे केला. उन्हाळ्यापुरती एक तास पुढे नेलेली अख्ख्या मेलबर्नची घड्याळं त्या रात्री तीन वाजता परत दोनवर येणार होती. कुठलंच काम मला शेवटच्या मिनिटावर ठेवता येत नाही. बाळ झाल्यापासून तर नाहीच.

काटा फिरवताना मनात काहीतरी टोचलं. माझा नवरा, यतिन, बाहेर असाइनमेंट टाइप करत होता.

"अरे, आज तुझी शिफ्ट किती तासांची?"

"अकरा ते सात. आठ."

"आज दोन ते तीन दोनदा वाजणार आहेत."

"मग?"

"मग नऊ होतात."

त्याची बोटं थांबली. सेमिस्टर चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला आठवड्याला वीसच तास काम करता येतं, सोमवार ते रविवार. यतिन क्लेटनमधल्या एका पेट्रोल स्टेशनवर बुधवारी सहा, गुरुवारी सहा आणि शनिवारी रात्री आठ तास करायचा. बरोबर वीस. गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिद्धार्थच्या वर्गातला एक मुलगा बावीस तासांपायी परत गेला. त्याचा राइस कुकर आता आमच्या ओट्यावर आहे. यतिनचा व्हिसा गेला तर त्याला टांगलेला माझाही जाणार, आणि नऊ महिन्यांच्या अनुष्काचाही.

"ऑक्टोबरमध्ये घड्याळ पुढे गेलं तेव्हा मी सातच तास केले होते ना," यतिन म्हणाला. "आज तो तास परत आला, असं समज."

"हे तू इमिग्रेशनवाल्यांना समजावणार?"

"बघतंय कोण, लीना?"

"काउंटरवरचं टिल मशीन बघतं. लॉगिन केल्यापासून मिनिटं मोजतं ते."

त्याने मालकाला, नरेंद्रभाईंना, फोन लावून स्पीकरवर टाकला. "अरे यार, ये तो मैंने सोचाही नहीं," ते म्हणाले. "लेकिन काउंटर खाली नहीं छोड़ सकते. सुबहवाला इतनी दूर पॉइंट कुकसे आता है, सात के पहले नहीं पहुँचेगा. मैं सिडनी में हूँ. तुम लोग आपस में देख लो, no worries."

नो वरीज! मग संध्याकाळची शिफ्ट करणाऱ्या दत्तप्रसादला मी विचारलं, अकराऐवजी बारापर्यंत थांबशील का.

"वहिनी, मी पण वीसवरच उभाय," तो म्हणाला. "एक तास वर गेलो तर माझं तिकीट तुम्हीच काढायचं. विंडो सीट बघा."

हसला तो, पण थांबतो म्हणाला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं. एक तास होता, आणि तो कुणालाच नको होता.

अनुष्काच्या आधी मी त्याच काउंटरवर पाच महिने काम केलं होतं. यतिन मास्टर्स करत असल्यामुळे माझ्या व्हिसावर तासांची अट नाही. टिलमध्ये माझं नाव अजून होतं.

"मी येते," मी म्हटलं. "नव्या वेळेने सहाला तुझे आठ तास पुरे होतात. तू लॉगआउट कर, सहा ते सात मी उभी राहते. तू हिला घरी घेऊन ये."

"एवढ्या अंधारात? प्रॅम ढकलत, डँडेनाँग रोडच्या हायवेवरून?"

"दुसरं काही सुचतंय?"

"सिद्धार्थला हिच्यापाशी बसवू."

"त्याला उठवायलाच एक माणूस लागेल."

यतिन हसला नाही. "सहाच्या आत ये म्हणजे झालं," एवढंच म्हणाला.

मी सव्वापाचचा गजर लावला आणि नऊलाच अनुष्काशेजारी आडवी झाले. खरं सांगायचं तर उन्हाळ्यातली ती पुढे ओढलेली वेळ मला आवडते. रात्री आठलाही उजेड असतो, प्रॅम घेऊन कॅम्पसला चक्कर मारता येते, घरात एकटं वाटत नाही. उद्यापासून सहालाच पडदे ओढायचे. पण त्याच वेळेमुळे ऑक्टोबरमध्ये अनुष्काची झोप दोन आठवडे विस्कटली होती आणि तिच्याबरोबर माझीही. सरकारने मला विचारलं, तर ती हवी की नको, मला धड सांगता यायचं नाही. असं काहीबाही मनात घोळत असताना डोळा लागला. यतिन कधी निघाला, कळलंही नाही.

घरातल्या लँडलाइनच्या घंटीने दचकून उठले. अनुष्का रडायला लागली. घड्याळात चार चाळीस. इतक्या पहाटे फोन म्हणजे पुण्याहून, आणि पुण्याहून म्हणजे वाईटच, असं वाटून रिसीव्हर उचलला.

"निघालीस ना?" यतिन होता.

"आत्ता कुठे? अजून पाच वाजायचेत."

"काय? पाच चाळीस झालेत, लीना!"

"घड्याळात चार चाळीस आहेत. मी स्वतः मागे केलंय."

"तू केलं होतंस?"

"दुपारी."

"मी निघताना अंधारात एक तास मागे केलं. म्हटलं, तू विसरली असशील."

मी विसरेन! मला ओरडायचं होतं, पण त्यालाही मिनिटं लागली असती. घरात मोबाइल एकच, तो त्याच्याकडे. दुसरं घड्याळ नाही. त्याने फोन केला नसता तर गजर सव्वासहाला झाला असता.

रडणाऱ्या अनुष्काला ब्लँकेटसकट उचलून प्रॅममध्ये बांधलं. नाइटीवरच जाकीट. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात यतिनची, हे फाटकाबाहेर कळलं. परत फिरले नाही. दुधाची बाटलीही राहिली होती. चालत बारा मिनिटं लागतात, मी पळत होते. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल होता. एक ट्रक दूरवर दिसत होता, येत होता की थांबला होता, अंधारात कळेना. वीस तास, व्हिसा, सगळं त्या दिव्याच्या पलीकडे. प्रॅमच्या दांड्यावर माझी मूठ आवळलेली. मी उभी राहिले. ट्रक धडधडत समोरून गेला. अनुष्का रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली.

पोचले तेव्हा यतिन काउंटरच्या बाहेर, हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं.

"Mate, do you work here or not?" त्यातला एक विचारत होता.

"Not right now," यतिन म्हणाला. मला बघून तो माझ्याकडे वळला. "पाच अठ्ठावन्नला लॉगआउट केलंय. त्यानंतर एकाचंही बिल केलं नाही."

"आत्ता किती झाले?"

"सहा तीन."

त्याने अंगातलं पेट्रोल स्टेशनचं जाकीट काढून मला दिलं, अजून गरम होतं ते. मी प्रॅम त्याच्या हातात दिली. "दूध फ्रीजच्या दारात. थेंब मनगटावर टाकून बघ. आणि हायवेकडून नको जाऊस, आतल्या गल्लीने जा." तो मान हलवत होता. अनुष्का माझ्याकडे हात करून पुन्हा रडायला लागली. काचेचं दार मिटलं तसा आवाज तुटला.

स्क्रीनवर माझं नाव टाइप केलं. पासवर्ड दुसऱ्या वेळी लागला. यतिनच्या नावापुढे सात तास अठ्ठावन्न मिनिटं दिसत होती. मी बुधवार, गुरुवार मिळवून बेरीज केली, मग पुन्हा केली.

पहिल्या गिऱ्हाइकाने दूध आणि पेपर पुढे सरकवला. माझ्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं असावं, पण तो सभ्यपणे वर बघत म्हणाला, "Extra hour in bed this morning, eh? Lovely."

"Yeah," मी म्हटलं, आणि त्याला पावती दिली.