बावीस जणांची एक किल्ली

लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या त्या कारखान्यात वहिनी एकवीस वर्षं हत्यारांच्या खोलीच्या खिडकीत बसली. नवरा तिथंच लेथवर होता, म्हणून ती सगळ्यांची वहिनी, मालकाचीसुद्धा. तिचा नियम सरळ. नंबर कोरलेला आपला पितळी बिल्ला ठेव, पाना घेऊन जा. पाना आण, बिल्ला घेऊन जा. एकवीस वर्षांत तिचा एक पाना हरवला नाही. एकदा एक जण पाना खिशात विसरून घरी गेला, तर त्याला तिनं भरल्या ताटावरून उठवलं आणि कारखान्यात परत पाठवलं. तो तिचाच नवरा होता.

वरच्या मजल्यावर लिफ्टचे प्रोग्राम लिहिणारे आणि त्यांची चाचणी घेणारे मिळून बावीस जण बसायचे. त्यांचं सगळं लिखाण एका सर्व्हरवर राहायचं. काय बदललं, कधी बदललं, कुणी बदललं, सगळं तो लक्षात ठेवायचा. पण 'कुणी'च्या जागी खालपासून वरपर्यंत एकच नाव, 'ऑफिस'. कारण सगळे एकाच खात्यानं आत जायचे, आणि त्याचा पासवर्ड चहाच्या मशीनवर चिकटवलेला.

मग एक दिवस चाचणीच्या लिफ्टनं दोन मजल्यांच्या मधोमध दार उघडलं. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दाराच्या प्रोग्रामला हात कुणी लावला, तर अळीमिळी गुपचिळी. सर्व्हर म्हणतो, ऑफिसनं. आता ऑफिसच्या काय कानाखाली वाजवणार?

सर्व्हर सांभाळणारा माणूस महिनाभरापूर्वीच नोकरी सोडून गेला होता. दोन वर्षं त्याच्या शेजारी बसून वहिनी हत्यारांची नोंद कॉम्प्युटरवर करायला शिकली, आणि तो रजेवर असला की सर्व्हरही बघायची. मालक खिडकीशी आला. शनिवारी लिफ्टच्या सुरक्षेच्या तपासनीस येणार होत्या. ज्याच्या त्याच्या नावावर काम दिसलं नाही तर लिफ्ट विकायला बंदी, आणि सर्व्हर बाहेरच्या कंपनीच्या ताब्यात. जमलं तर ती सर्व्हरची खुर्ची वहिनीची, कायमची.

"वहिनी, बिल्ल्याचं शास्त्र तुला कळतं," मालक म्हणाला. "वर जा."

वरच्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरला लोक पंडित म्हणायचे. तो शेजाऱ्याला म्हणाला, आता पानेवाली आपल्याला शिकवणार. वहिनीनं ते ऐकलं, गिळलं आणि कामाला लागली.

आधी तिनं 'ऑफिस' बंद केलं आणि चहाच्या मशीनवरचा कागद स्वतः खरवडून काढला. मग ज्याचं त्याचं खातं उघडलं. चाचणीवाल्यांनी फक्त वाचायचं. लिहिणाऱ्यांनी आपापल्या फांदीवर, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या प्रतीवर लिहायचं. आणि ज्या मुख्य लिखाणातून प्रोग्राम लिफ्टमध्ये जातो, तिथं एकट्यानं कुणी हात लावायचा नाही. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं तपासून पुढं सोडायचं.

आता आत शिरायचं कसं, ते तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं. तुमच्या मशीनवर एक जोडी तयार होते, कुलूप आणि किल्ली. कुलूप मला द्या, मी सर्व्हरच्या दाराला लावते. किल्ली मात्र कुणाला द्यायची नाही. मी मागितली तरी नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत बावीसच्या बावीस कुलपं आली. इतक्या झटपट आली की तिच्या मनात पाल चुकचुकली. पंडितचं पहिलं, ते बसलं. दुसरं लावायला गेली तर सर्व्हर म्हणाला, हे आधीच दुसऱ्याचं आहे. तिसऱ्यालाही तेच. तिनं दोन कुलपं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. एकच!

भानगड अशी होती की पंडितनं एक जोडी बनवली आणि पेनड्राईव्हवर घालून सगळ्यांना वाटली. बावीस जणांनी कशाला डोकेफोड करायची, मी केलीय ना. वाईट हेतू मुळीच नव्हता. वर्षानुवर्षं एका पासवर्डवर संसार केलेली माणसं ती, त्यांना वेगळं राहणं सुचणार कुठून?

वहिनी खाली गेली आणि हत्यारांच्या खोलीतून एक पितळी बिल्ला घेऊन आली. तो तिनं पंडितच्या टेबलावर ठेवला.

"हा तुझा बिल्ला. याच्यावर बावीस जणांनी पाने नेले, आणि एक पाना हरवला. मी कुणाच्या घरी जाऊ?"

पंडितनं बिल्ल्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या," तो म्हणाला.

"आणि उद्या दार मधेच उघडलं आणि आत माणूस असला, तर?"

पंडितनं बिल्ला उचलून खिशात टाकला आणि उठला. टेबलामागून टेबल फिरला, प्रत्येकाला जुनी जोडी पुसायला लावली, नवी त्याच्याच हातानं करायला लावली. पाच वाजता वहिनीकडं बावीस कुलपं होती, बावीस तऱ्हांची.

शनिवारी तपासनीस बाई आल्या. बारीक चष्मा, बोलणं मोजकं. काल संध्याकाळपासूनच्या प्रत्येक बदलापुढं माणसाचं नाव पाहून मान हलली, पण समाधान झालं नाही. त्यांनी मालकालाच मशीनवर बसवलं आणि मुख्य लिखाणात एक ओळ बदलून पाठवायला सांगितली. मालकानं ऐटीत पाठवली. सर्व्हरनं परत केली. परवानगी नाही.

मालकाचे कान लाल झाले.

"मालकांनाही नाही?" बाईंनी विचारलं.

"मालकही लिफ्टनंच जातात की," वहिनी म्हणाली.

"आणि तुम्हाला?"

वहिनी बसली, ओळ पाठवली, तीही परत आली. नियम बदलायचा अधिकार आपल्याकडं आहे, तिनं न विचारताच सांगितलं, पण बदलला की त्याच क्षणी बावीस जणांना पत्र जातं. बाईंनी पेन काढलं आणि सही केली.

मग मालक सबंध दिवस भेटेल त्याला सांगत सुटला, की माझ्याच कारखान्यात हिनं मला दारातून परत पाठवलं. त्याची छाती अशी फुगलेली, जणू पाठवणारा तोच. सर्व्हरच्या कामाची, तिच्या नावाची नवी पाटी त्यानं स्वतः वहिनीच्या टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी पंडितनं आपल्या खिशातला बिल्ला ठेवला.

"बिल्ला परत, वहिनी," तो म्हणाला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नवरा दारात उभा राहून शेजाऱ्यांना सांगत होता.

"अहो, मालकाचं काय कौतुक? मला तर हिनं भरल्या ताटावरून उठवलंय."

आणि ते सांगताना म्हातारा असा ताठ उभा होता, की जणू पाटी मिळालीय ती त्यालाच.