काल फुटली, आज आणली

तुम्ही माझ्या आईला विष विकणारी ठरवलंत आणि कशावरून ठरवलंत ते तुम्हालाही माहीत नाही. तुम्हाला साहेब म्हणू, मॅडम म्हणू, काय म्हणू? कागदावर नाव नाही. खाली एक वाकडी सही आणि 'सक्षम अधिकारी' एवढंच. सक्षम कशात, ते लिहिलेलं नाही.

बदलापूरच्या बाजारात, पुलाच्या कठड्याला तुम्ही कागद चिकटवलात. 'रानटी अळंबी सेवनास अयोग्य आढळली आहे. विक्री करणाऱ्यांवर कारवाई करण्यात येईल.' त्या कठड्याखाली माझी आई, धोंडी, पावसाळाभर बसते. आधी शेवळं, टाकळा असल्या रानभाज्या, मग श्रावणात अळंबी. तिला वाचता येत नाही. शेजारच्या केळीवाल्या जितेशने वाचून दाखवलं.

"मावशी, नाव नाय टाकलं तुझं. पण इथं अळंबीवाली तू एकटीच. समज काय ते."

"अयोग्य म्हंजे?"

"म्हंजे खाल्ली की खल्लास."

आई उठली. सागाच्या पानातले पुडे टोपलीत परत ठेवले आणि बारवीच्या रस्त्याने पाड्यावर निघून गेली. त्या दिवसापासून ती बाजारात आलेली नाही.

झालं होतं असं. वृंदाबाई म्हणून आईच्या जुन्या गिऱ्हाईक आहेत, बदलापूर पूर्वेला राहतात. दरवर्षी श्रावणात आईकडून अळंबी नेतात. यंदा नेली आणि चार दिवसांनी त्यांना उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस सलाईनवर होत्या. डॉक्टरने विचारलं काय खाल्लं, त्या म्हणाल्या अळंबी. डॉक्टरने तुम्हाला कळवलं. इथपर्यंत कोणाची चूक नाही. बाई आता बऱ्या आहेत, चालत्याफिरत्या आहेत.

मग तुमची माणसं दोन ठिकाणी गेली. वृंदाबाईंच्या फ्रिजमधून एक डबा उचलला. आणि दुसऱ्या दिवशी आईच्या टोपलीतून एक पुडा. पुडा घेताना एकाने आईला विचारलं, "ही कधीची?"

आई म्हणाली, "काल फुटली, आज आनली."

"खायची आहे हे कशावरून ओळखता?"

"मूळ बघून. लांब मूळ खाली वारुळात जाया पायजे. मग रंग बघायचा, वास बघायचा. आनि समदा सोडून, मी बघितलेली पायजे."

तो हसला म्हणे. लिहून घेतलं आणि गेला.

मी अंजनी, तिची मुलगी. अंबरनाथला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. अकरा वर्षं झाली. शाळा नववीपर्यंत. बाकी जे वाचायला शिकले ते बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून आणि फेकून दिलेल्या रिपोर्टांवरून. म्हणून तुमचा रिपोर्ट मागून घेतला. तीन अर्ज केले तेव्हा मिळाला.

तो वाचून माझं डोकं फिरलं. दोन पानं नुसतं कौतुक! कोरड्या वजनावर शंभर ग्रॅममागे प्रथिने सव्वीस ग्रॅम. तंतू भरपूर. चरबी नगण्य. अमुक अँटिऑक्सिडंट, तमुक जीवनसत्त्व. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट चांगल्या प्रमाणात, त्यामुळे 'मांसासारखी रुचकर चव'. ऑक्टेनॉल नावाच्या पदार्थामुळे 'विशिष्ट सुगंध'. असं वाटावं की लग्न जुळवायला बसलेत. आणि शेवटच्या ओळीत: 'नमुना अयोग्य.'

ज्यात एवढे गुण ते अयोग्य कसं? आणि विषाचं काय? दोन्ही पानं तीनदा वाचली. विष हा शब्दच नाही. आहे म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही.

मी तुमच्या कार्यालयात आले. तुम्ही नव्हतात. खिडकीवर रूपेश नावाचा लिपिक होता.

"ताई, सिस्टीममध्ये जे आहे ते आहे."

"सिस्टीममध्ये काय आहे तेच विचारतेय."

त्याने बघितलं. "हे बघा. नमुना फुटलेला होता."

"काय फुटलेलं?"

"नमुना. पिशवी, सील, काहीतरी. शेरा आहे ना: 'विक्रेतीच्या सांगण्यानुसार नमुना आदल्या दिवशी फुटलेला.' फुटलेला नमुना तपासणीस अयोग्य. नियम आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू की रडू असं झालं. अहो, आमच्यात अळंबी उगवत नाही, फुटते! वारुळाची माती फोडून वर येते म्हणून फुटते. काल फुटली म्हणजे ताजी आहे. आईने मालाचा ताजेपणा सांगितला आणि तुम्ही सील तुटल्याचा कबुलीजबाब लिहून घेतलात. सागाच्या पानाला सील कुठून आणायचं?

"बरं," मी म्हटलं, "तपासणीस अयोग्य. मग पुलावर 'सेवनास अयोग्य' कसं लागलं?"

"ते वरून टाईप होऊन आलं."

"आणि तपासणीस अयोग्य होती तर ही दोन पानं कशाची तपासणी?"

त्याने पान उलटलं, परत उलटलं. "ते दुसऱ्या नमुन्याचं असेल."

"फ्रिजमधल्या डब्याचं?"

"असेल. नाहीतर तुमच्या पुड्याचंच, शेरा बघायच्या आधी केलेलं. दोन्हींना नंबर एकच पडलाय ना, म्हणून..."

"आणि विषाची तपासणी?"

"फॉर्मवर 'पोषणमूल्य' ला टिक आहे. हे फॉर्म गेल्या वर्षीच्या रानभाजी प्रदर्शनाचे उरलेले. तेच वापरले."

त्या प्रदर्शनाला तुम्हीच आईला शाल घालून मंडपात बसवलं होतं. माईकवर कोणीतरी म्हणालं, अळंबी म्हणजे अमृत. आईला वाटलं अमृता नावाच्या कुणाला बोलावतायत, तिने मागे वळून बघितलं. सगळे हसले. यंदा त्याच फॉर्मवर ती विष विकणारी.

रूपेश माणूस वाईट नाही. जाताना मला म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी भाजीत चांदीचं नाणं टाकून बघा. काळं पडलं तर विषारी." सरकारी खिडकीत बसून हे सांगतो! नाण्याने काही कळत नाही, लसणाने नाही, तांदळाने नाही. असल्या परीक्षा करूनच माणसं मेलीत. आईने आयुष्यात कधी नाणं टाकलं नाही.

रिपोर्ट घेऊन मी आमच्या प्रयोगशाळेतल्या राजसी मॅडमकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण रसायनाची मोठी डिग्री आहे. डब्याच्या सुट्टीत त्यांनी पानं बघितली आणि एका आकड्यावर पेन टेकवलं.

"हे ग्वानिलेट बघ. ताज्या अळंबीत इतकं नसतं. सुकताना वाढतं. सुक्या अळंबीचा रस्सा म्हणून तर एवढा चवदार लागतो."

"मॅडम, आई सुकी कधीच विकत नाही! म्हणजे तपासली ती तिची नाहीच!"

"थांब, थांब. मोजायच्या आधी ओव्हनमध्ये सुकवतात बऱ्याच ठिकाणी. 'कोरड्या वजनावर' लिहिलंय बघ. सुकवताना वाढलं असेल."

"म्हणजे तिची असू शकते?"

"असू शकते. नसूही शकते."

"आणि हा वास? वासावरून कळेल?"

"हा वास अख्ख्या अळंबीत फारसा नसतोच. मोडली, चिरली की पेशी फुटतात, तेव्हा तयार होतो. आणि हा बहुतेक सगळ्याच अळंब्यांचा. विषारीलाही येतो."

"तिथेही फुटण्यावरच आलं," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, मी सांगितलं, मग आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

राहिल्या वृंदाबाई. शनिवारी गेले. दार त्यांनीच उघडलं, मला बघून कावऱ्याबावऱ्या झाल्या.

"अंजनी, मी तक्रार केली नाही गं. डॉक्टरांनी विचारलं म्हणून सांगितलं. धोंडीबाईंना सांग ना तसं."

"सांगते. भाजी कधी केलीत तेवढं सांगा."

"घेतली सोमवारी. केली गुरुवारी."

"तीन दिवस? कशात ठेवली?"

"प्लास्टिकच्या पिशवीत, घट्ट बांधून. वास सुटू नये म्हणून." मग बारीक आवाजात, "आणि थोडी होती ना, म्हणून त्यात उल्हासनगरच्या दुकानातली सुकी पण घातली. पाकिटातली. रस्सा दाट होतो."

आतून त्यांचे यजमान गुरुदत्तकाका बाहेर आले. कुठल्याशा फॅक्टरीतले निवृत्त अधिकारी. "मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन्ही एकत्र करू नकोस."

"तुम्ही काही म्हटलं नव्हतं. तुम्ही तर खाल्लीतही नाही."

"म्हणूनच उभा आहे."

"काका, त्या लोकांनी डबा नेला त्यात काय होतं? शिजवलेली, कच्ची, की ती सुकी?"

"निळ्या झाकणाचा नेला," काका म्हणाले. "त्यात कच्ची होती."

"हिरव्या झाकणाचा नेला. निळा माझ्याकडे आहे, रोज पोळ्या ठेवते."

"तो वेगळा निळा."

"वेगळा निळा कुठून आला आपल्याकडे?"

दहा मिनिटं झाकणांवर भांडण चाललं. शेवटी काकांनी स्वयंपाकघरातून तीन डबे आणून माझ्यासमोर मांडले, जणू मी ओळखणार होते. बाई रडवेल्या झाल्या. "खरंच आठवत नाही गं. मला तर दारही धड दिसत नव्हतं तेव्हा."

मी त्यांच्यावर काय चिडू? आजारी बाईला डबा आठवत नाही. तुम्ही तर शुद्धीत होतात. डब्यावर एक चिठ्ठी लावायला काय झालं होतं?

रविवारी पाड्यावर गेले. आई ओट्यावर बसली होती. पुढ्यात सागाचं पान, पानात अळंबी. ताजी, मातीसकट, लांब मुळाची.

"आये, गेलीस वरती रानात?"

"गेले. पाय नेतात. बघ ही."

मी बघितली. "चांगली आहे."

"तुझ्या कागदात बघून सांग."

"कागदात तसलं काही नाही गं."

"मला पन चांगलीच वाटते," ती म्हणाली. "पन ती पन अशीच चांगली वाटली व्हती."

मी तिला सगळं सांगितलं. फुटलेला नमुना, एकच नंबर, तीन दिवस पिशवीत, दुकानातली सुकी, निळं झाकण. तिने नीट ऐकलं. मग एवढंच विचारलं, "म्हंजे माझेमुळं झाला का नाय?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक," ती म्हणाली. तुमच्या दोन पानांपेक्षा त्या एका शब्दाचं वजन तिने जास्त नीट केलं.

तेवढ्यात शेजारची नूतन आली. माझ्या मामेभावाची बायको, गेल्या वर्षीच लग्न होऊन आलेली. ओच्यात अळंबी. आमच्या पाड्यावर अळंबी कोणीही काढो, चुलीवर चढायच्या आधी माझ्या आईला दाखवायची, ही रीत आहे. आई चार बाजूला काढते, एखादी फेकून देते, बाकीची परत देते. त्या हातावर आमचा पाडा इतकी वर्षं जेवलाय.

"आत्या, बघता ना?"

आईने मान खाली घातली. "मला नाय कळत आता. डाक्टरला दाखव."

"डॉक्टरला काय दाखवू अळंबी?" नूतन हसली. आई हसली नाही, तेव्हा तिचंही हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. मला थोडंफार ओळखता येतं, पण आईसारखं नाही. तिच्यातल्या दोन बुटक्या, पांढऱ्या होत्या, मूळ तुटलेलं होतं. खायच्या की फेकायच्या, मी सांगू शकले नाही. नूतनने सगळी उकिरड्यावर टाकली. पण पलीकडच्या घरातून धूर निघत होता, आणि त्यांनी काय काढलं, काय चढवलं, ते यंदा कोणी बघितलेलं नाही.

म्हणून लिहितेय. माफी नको. आईला परत शाल घालू नका, मंडपात बसवू नका. पुलावरचा कागद फाडायचा असेल तर फाडा, मला त्याचं काही नाही. तुम्ही तपासली ती अळंबी कोणाची होती? माझ्या आईची होती का? तिच्यात विष सापडलं, की तुम्ही शोधलंच नाहीत? आई ओट्यावर बसून आहे, आणि लोक ओच्यात अळंबी घेऊन तिच्यासमोरून परत जातायत. श्रावण संपायच्या आत सांगा, हो की नाही?